लष्करी गाड्यास विमानाची चाके चढविली त्याची बखर

श्री. ज्याचे उदर थोर आणि वाहन लहान, तरी ज्याची स्वारी त्रिभुवनी कोठे रुतली नाही, त्या श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवून, आणि ज्या दर्याचे पोटी भरती-ओहोटी नांदते त्यास हात जोडून, घडले तैसे लिहितो. शके अठराशे एकोणनव्वद, प्लवंग नाम संवत्सर, माघमास. ते समयी खाडीचे मुखाशी एक बेट होते आणि बेटावर एक राज्य होते. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, खाडीवरील लोक जाणतात. राज्य म्हणावे तर साठ-सत्तर उंबरा, देवीचे देऊळ, मिठाची आगरे आणि गोड्या पाण्याची एकच विहीर. गादीवर द्वारकाबाईसाहेब होत्या. यजमान निवर्तल्यावर लोकांनी त्यांसच पुढे बसविले आणि त्यांनी कारभार ऐसा केला की भांडण देवळाच्या पायरीच्या खाली कधी उतरले नाही. त्या राज्यात हिराजी सुभेदार म्हणोन एक पुरुष होते. तरुणपणी पलटणीत जाऊन सात समुद्रांपलीकडील वाळवंटात मोठ्या लढाईत होते, आणि लढाई सरल्यावर पलटणीचा माल लिलावात निघाला तेव्हां दोन चाकांचा एक लोखंडी गाडा घेऊन बेटावर आले. पलटणीत त्यास ट्रेलर म्हणत आणि तो जीपगाडीच्या पाठीस जोडीत. राज्यात जीपगाडी नव्हती, म्हणोन लोक त्यास नुसता गाडा म्हणू लागले. सुभेदारांनी त्यास छपराखाली उभा केला, दर दसऱ्यास तेलपाणी केले, झेंडूची माळ घातली, आणि कोणी मीठ वाहावयास मागितला तर म्हणाले, "तो शिपाई आहे, हमाल नव्हे." उंच बांधा, पांढरी मिशी, बोलणे थोडे आणि ठाम. आजवर धरिलेली गोष्ट त्यांनी सोडिली नव्हती आणि त्यांस तसे करावेही लागले नव्हते.

मग कार्तिकात तुफान जाहले. दर्याने बांध फोडिला, खारे पाणी विहिरीत शिरले आणि विहीर नासली. बांध पुन्हा घातला, विहीर उपसली, परंतु पाणी तोंडी धरवेना, मीठवणीच लागे. पुढील पाऊस येऊन विहीर धुऊन निघेतो काय करावे, ऐसा प्रसंग पडिला. नावेने पाणी आणावे तर खाडीचे मुख गाळाने भरलेले, नाव लागे ती पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणासच. त्या दोन-तीन दिवसांत आणिलेले पाणी आठवड्यात सरे आणि पुढील उधाणापर्यंत घशास कोरड. मग ओहोटी लागली की बाया डोईवर हंडे घेऊन खाजणातून पलीकडील किनाऱ्यावर जात. खाजण म्हणजे कोसभर चिखल, वरून कातडीसारखा चकाकता आणि आत गुडघाभर ओढणारा. जाताना रिकामा हंडा, येताना भरला, आणि भरती मागे लागलेली. पौषात तरण्या बायांचे पाय सुजले आणि म्हाताऱ्या माणसांनी भाकरी टाकिली, की भाकरी खाल्ली म्हणजे पाणी लागते. लोक बोलू लागले की हे बेट आता राहात नाही.

तेव्हां बाईसाहेबांनी देवळात मसलत भरविली आणि म्हणाल्या, "डोईवरचा हंडा पुरत नाही. पिंपे वाहील ऐसे काही पाहिजे. कोणापाशी आहे?" सर्वांची नजर सुभेदारांकडे गेली. सुभेदार उठले, पागोटे सारखे केले आणि म्हणाले, "बाईसाहेब, गाडा माझा आहे. वाळवंटात चौक्यांस पाणी पोचवीत होता. वाळूत चालला तो चिखलात चालेल. मी जातो." विडा उचलिला आणि निघाले. गाड्याच्या कडीस सागाची दांडी बसविली, दांडीस जू बांधिले, आणि राज्यातील दोन थोर रेडे जुंपिले. सुभेदारांची स्त्री सगुणाबाई हिने चाकांस कुंकू लाविले आणि हलकेच म्हणाली, "आधी रिकामाच नेऊन रिकामाच परत आणून पाहा. भरून मग आणा." सुभेदार म्हणाले, "गाडा माझ्या पाहण्यातला आहे." रिकामा गाडा खाजणातून पार गेला खरा, जरा जड गेला, परंतु गेला. किनाऱ्यावर पिंपे भरिली, बांधिली आणि परत कूच केले. अर्धी वाट आली आणि जेथे चिखल सर्वांत मऊ, ज्यास लोक म्हातारीचा खळगा म्हणत, तेथे गाडा बसला. पलटणीची चाके उंच आणि अरुंद, त्यांवर खोल दातरे, आणि भार पडताच ती सुरीसारखी चिखल कापीत खाली गेली, आणि आस चिखलास टेकला. रेड्यांस हाक दिली, दोर लाविले, माणसे खांद्यास लागली, मग बायाही हंडे ठेवून लागल्या, परंतु जितका ओढावा तितका गाडा आत. इतक्यात भरतीचे पाणी खाजणाच्या कडेने चकाकू लागले. सुभेदारांनी पाण्याकडे पाहिले, बेटाकडे पाहिले, आणि स्वतःच्या तोंडाने हुकूम केला, "पिंपे उलटा." गोडे पाणी चिखलात ओतिले गेले. बाया उभ्या राहून पाहात होत्या. मग हलका जाहलेला गाडा मागे, किनाऱ्याकडेच ओढिला आणि तेथे दाऊद मिस्त्रीच्या भट्टीपाशी नेऊन उभा केला. सुभेदार पुढील ओहोटीस कमरेपर्यंत चिखलाने माखून बेटावर आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

पुनवेस नावा लागल्या, पाणी आले आणि त्यासवे देवळात ठराव जाहला: अवसेच्या उधाणापर्यंत काही तोड निघाली तर बरी, नाही तर त्याच नावांत बसून सर्वांनी पलीकडे जावे, देवीचा टाकही सोबत न्यावा. बाईसाहेब ठरावाविरुद्ध बोलल्या नाहीत. येवढेच म्हणाल्या, "पंधरा दिवस आहेत. पंधरा दिवसांत मनुष्य बरेच काही करतो." आणि सुभेदारांकडे न पाहता उठल्या. ते न पाहणे सुभेदारांस फार लागले. दुसरे दिवशी ओहोटीस ते दाऊद मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री किनाऱ्यावरील बाजारात लोहारकाम आणि नावांच्या इंजिनांचे काम करी, सुभेदारांच्याच वयाचा, हसरा आणि हट्टी. त्याने गाड्याभोवती फेरी मारिली, चाकास पाय लाविला आणि म्हणाला, "भाऊ, गाडा खणखणीत आहे. दोष चाकांत आहे. ही चाके खडकासाठी आणि वाळूसाठी. चिखलास रुंद चाक पाहिजे, आणि नरम. घाटावर शेतकरी बैलगाडीस विमानाची जुनी चाके लावितात, ऊस भरून ढेकळांतून नेतात. शेजारच्या संस्थानात लढाईच्या वेळचे विमानतळ ओस पडले आहे, तेथील ठाण्यावर इनास ठाणेदार बसतो, त्याच्या कोठारात ऐसी चाके पडून आहेत. आणावी, ही काढावी, ती चढवावी." सुभेदार म्हणाले, "ही चाके काढावयाची नाहीत." मिस्त्री म्हणाला, "का?" सुभेदार म्हणाले, "नाहीत म्हणजे नाहीत. दुसरे सांग." मिस्त्री म्हणाला, "दुसरे असते तर पहिल्याने तेच सांगितले असते." मग सुभेदार परत निघाले.

त्या चाकांची गोष्ट ऐसी. वाळवंटाच्या मोहिमेत नागोजी म्हणोन याच बेटावरील शिपाई सुभेदारांचे तुकडीत होता. लहानपणापासून दोघे एका ताटात जेवलेले. एके दिवशी पाणी घेऊन चौकीकडे जाताना गोळा पडून गाड्याचे डावे चाक फाटले. दुसऱ्या गाड्याचे चाक काढून नागोजी ते बसवू लागला, सुभेदार जीपगाडीपाशी होते. शेवटला नट आवळला आणि नागोजीने हात वर करून "चल" म्हणोन खूण केली, त्याच क्षणी दुसरा गोळा आला. गाडा चौकीवर पोचला, पाणी पोचले, नागोजी पोचला नाही. म्हणोन लिलावात तो गाडा दिसताच सुभेदारांनी पदरचे सर्व वेचून घेतला, आणि म्हणोन ते डावे चाक त्यांनी आजपर्यंत कोणास खोलू दिले नव्हते. हे सगुणाबाईस ठाऊक होते. रात्री ताट वाढिताना ती म्हणाली, "चाक चाकाच्या जागी आणि माणूस माणसाच्या जागी." सुभेदार म्हणाले, "तुला समजावयाचे नाही." ती म्हणाली, "मला समजते. परंतु सांगावयाचा हक्क माझा नव्हे. जिचा आहे तिला विचारून या." सुभेदारांनी घास ताटात ठेविला. नागोजीची विधवा ठकूबाई देवळामागे राहात होती, आणि इतक्या वर्षांत त्यांनी सणावारास तिच्या घरी जाऊन कुशल विचारिले, छप्पर शाकारून दिले, लाकूडफाटा भरून दिला, परंतु त्या दिवसाविषयी शब्द काढिला नव्हता. गोळा आला आणि घरधनी गेला, येवढेच तिला ठाऊक, ऐसे ते समजून होते.

सकाळी उठोन गेले. ठकूबाई अंगणात बसून सामान बांधीत होती. दोन गोधड्या, तवा, पाटा काढून ठेविलेला, वरवंटा फडक्यात गुंडाळलेला. म्हणाली, "या भावजी. बसावयास आता पाट नाही, बांधला. उंबऱ्यावर बसा." सुभेदार बसले आणि विचारिले, "वहिनी, तुम्हीही निघालात?" ती म्हणाली, "सारे निघाल्यावर मी एकटी राहून देवीशी भांडू काय?" मग सुभेदारांनी सर्व हकीकत सांगितली. चाक कसे फाटले, नागोजीने कसे बसविले, हात कसा वर केला, आणि आपण जीपगाडीपाशी होतो, चाकापाशी नव्हतो, तेही सांगितले. सांगताना त्यांची नजर अंगणातील मातीवर होती. ठकूबाई ऐकत राहिली. मग वरवंट्याची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधीत म्हणाली, "तुमच्या तुकडीतला तो घाटावरचा शिपाई लढाईनंतर आला होता ना, त्याने मला तेव्हांच सांगितले. मला ठाऊक आहे." सुभेदार म्हणाले, "मग कधी बोलला नाहीत?" ती म्हणाली, "तुम्ही त्या चाकास माळ घालीत होता. म्हटले, यांना त्याने बरे वाटते तर घालू दे." मग तवा गोधडीत सारीत म्हणाली, "भावजी, राग धरू नका, विचारिले म्हणोन सांगते. तुम्ही इतकी वर्षे चाकास तेल लाविले आणि मी इतकी वर्षे डोईवर पाणी वाहिले. त्यांनी ते चाक बसविले ते पाणी जावे म्हणोन. पाणी जात नसेल तर ते चाक माझ्या कामाचे नाही, आणि त्यांच्याही नव्हते." सुभेदारांनी मान खाली घातली. मग उठले तेव्हां चेहरा निराळा होता. लढाईवर निघताना मनुष्याचा असतो तैसा. म्हणाले, "वहिनी, सामान सोडू नका, परंतु नावेतही घालू नका." आणि तडक ओहोटीने दाऊद मिस्त्रीकडे गेले.

तेथे गाड्याखाली लाकडाचे ठोकळे दिले आणि सुभेदारांनी पाना स्वतः हाती घेतला. उजवे चाक मिस्त्रीने काढिले, डावे सुभेदारांनी. नट गंजले नव्हते, तेलाने राखिलेले, तरी घट्ट होते. शेवटल्या नटास त्यांनी सारा भार दिला आणि तो सुटला, तेव्हां चाक दोन्ही हातांनी उचलून बाजूस ठेविले. भाड्याच्या बैलगाडीत दोन्ही चाके घालून सुभेदार आणि मिस्त्री शेजारच्या संस्थानी गेले. इनास ठाणेदार हा पोट सुटलेला, खाटेवर बसून बिडी ओढणारा, आणि सौद्यात पक्का. कोठार दाखविले. तेथे विमानाची चाके खरोखरच होती, आखूड, जाड, गुळगुळीत, जणू हत्तीचे पाय. इनास म्हणाला, "पैसा नको. माझ्यापाशी लढाईतली एक जीपगाडी आहे, चाकांवाचून विटांवर उभी आहे. पुढली दोन मिळाली, मागली दोन नाहीत. तुमची दोन द्या, ही दोन न्या." म्हणजे पलटणीची चाके कायमची जाणार होती. मिस्त्रीने सुभेदारांकडे पाहिले, की आता हा पुरुष बिथरतो. सुभेदारांनी इनासास विचारिले, "जीपगाडी चालते का?" इनास म्हणाला, "चाके लागताच चालेल. माझ्या भावाची आहे, त्यास दवाखान्याची औषधे गावोगाव न्यावयाची आहेत." सुभेदार म्हणाले, "डावे चाक चांगले आहे. ते उताराच्या बाजूस, जिकडे भार जास्त पडतो तिकडे लाव." आणि स्वतः उतरवून दिले. परतताना मिस्त्रीने दोन वेळा बोलावयाचा यत्न केला, मग गाणे म्हणू लागला, आणि पुढे सुभेदारही गुणगुणू लागले.

मग चढविण्याचे काम आरंभिले, आणि ते लढाईहून सोपे नव्हते. पलटणीचे चाक पाच नटांवर बसे, विमानाच्या चाकास ती पाच भोकेच नव्हती. ते दोन लोखंडी ताटल्या एकमेकींस बोल्टांनी आवळून केलेले, मध्यभागी मोठे भगदाड. मिस्त्री म्हणाला, "या दोघांची सोयरीक परस्पर होत नाही. मध्ये एक मध्यस्थ पाहिजे." आणि जुन्या आगबोटीच्या पत्र्यातून जाड चकती कापिली, तीस आतल्या बाजूस गाड्याची भोके पाडिली आणि बाहेरल्या बाजूस विमानाच्या चाकाची. ऐशा दोन चकत्या केल्या, चाके चढविली, आणि गाडा ठोकळ्यावरून उतरवून हाताने ढकलिला, तो डावे चाक गाड्याच्या लोखंडी पेटीस घासू लागले. रुंदी आड आली. मिस्त्रीने चकतीमागे आणखी जाडीची कडी घातली, चाक बाहेर आले, मग वरील चिखलपाखे आड आले. त्या पाख्यांवर पलटणीचा आकडा पांढऱ्या रंगात होता. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, हे कापू की राहू देऊ?" सुभेदार म्हणाले, "चाक गेले, आता पाख्याचे काय सोयरसुतक? काढ." पुन्हा ढकलिला, तो गाडा दारू प्यायल्यासारखा डोलू लागला. चकतीची भोके केसभर एका अंगास गेली होती. मिस्त्रीने कपाळास हात लाविला, चकत्या काढिल्या, फेकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून कापिल्या, आणि या खेपेस आधी मधले भगदाड गाड्याच्या तुंब्यावर, म्हणजे आसाच्या टोकाच्या गोल गड्ड्यावर, नेमके बसविले आणि मग भोके पाडिली. सुभेदार भाता ओढीत होते. सगुणाबाई रोज ओहोटीने भाकरी घेऊन येई आणि उजेड सरण्याआधी परत जाई, आणि बेटावर जाऊन सांगे की होत आले. होत आले नव्हते, तरी सांगे, आणि त्यामुळे लोकांनी बांधलेली गाठोडी नावेच्या धक्क्यावर न नेता दारात ठेविली. शेवटी गाडा सरळ चालला. सुभेदारांनी हवा दाबून पाहिली आणि म्हणाले, "हवा कमी आहे, भर." मिस्त्री म्हणाला, "नाही. कमीच पाहिजे. चाक चिखलावर पसरले पाहिजे, रेड्याचा खूर फाकतो तैसे. ताठ राहिले की पुन्हा सुरी जाहली." सुभेदार म्हणाले, "पलटणीत ढिल्या चाकास शिक्षा होती." मिस्त्री म्हणाला, "येथे ताठ चाकास आहे." मग सुभेदार हसले, आणि माघमासात ते प्रथमच हसले.

अवस उजाडली. त्या दिवशी सकाळी ओहोटी आणि दुपारी मोठी भरती, आणि भरतीबरोबर नावा येणार. आदले दिवशीच्या ओहोटीस गाडा रिकामा नेऊन आणिला होता. या खेपेस सुभेदारांनी कोणी न सांगता तैसे केले. मग पिंपे भरिली, ताडपत्री आवळली, रेडे जुंपिले, आणि तांबडे फुटल्यावर कूच जाहले. पुढे सुभेदार, बाजूस पाना खांद्यावर घेऊन मिस्त्री, मागे पाच-सहा माणसे. बेटाच्या बांधावर सारे राज्य उभे राहिले, बाईसाहेब सर्वांच्या पुढे. गाडा खाजणात उतरला, चाके दबली, पसरली, आणि चिखलावर रुंद गुळगुळीत पट्टा उमटवीत चालू लागली, जणू कोणी ओल्या भिंतीवर थापी फिरवावी. रेडे मान हलवीत चालले. म्हातारीचा खळगा आला. सुभेदारांनी हात वर केला, गाडा थांबविला नाही, फक्त रेड्यांस नावाने हाक दिली आणि "थांबावयाचे नाही" येवढे बोलिले. चाके वीतभर आत गेली, चिखल हुंकारला, गाडा एका अंगास झुकला आणि वर आला. मागील माणसांनी तोंड उघडिले, तो मिस्त्री ओरडला, "उभा करा." डाव्या चाकाचे नट ढिले जाहले होते. झुकताना चकतीवर ताण आला आणि दोन नट निम्मे बाहेर आले, आणखी चार पावले चालता तर चाक निखळून खाजणात बसते. आणि पश्चिमेस पाण्याची रेघ दिसू लागली. मिस्त्री पाना घेऊन वाकला, तो सुभेदारांनी त्याच्या हातातून पाना घेतला. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, माझे काम आहे." सुभेदार म्हणाले, "तू रेड्यांपाशी जा. ते तुझे ऐकतात. हे चाक मी पाहतो." आणि चिखलात गुडघे टेकून बसले. पाना चिखलाने निसटू लागला, त्यांनी पागोट्याचा शेव पान्याभोवती गुंडाळिला आणि एक एक नट आवळू लागले. पाण्याची रेघ आली, गुडघ्यांस लागली, गार लागली. त्यांनी घाई केली नाही. समोरासमोरचे नट आवळावे, शेजारचे नव्हे, ऐसे मिस्त्रीने शिकविले होते, तैसेच आवळिले. शेवटला नट बसला. सुभेदार उठले, पाठ सरळ केली, आणि चाकापाशी उभे राहून हात वर करून म्हणाले, "चल." मग गाडा चालला, सुभेदार डाव्या चाकाबरोबर चालू लागले आणि बेटाच्या उतारापर्यंत त्या चाकापासून हलले नाहीत. पोटरीभर पाण्यातून रेड्यांनी गाडा बांधावर चढविला.

बाईसाहेब पुढे आल्या. त्यांनी पिंपावर हात ठेविला, खरोखर भरले आहे की नाही ते पाहावे तैसा, आणि मग म्हणाल्या, "सुभेदार, आज दुसरी खेप होईल?" सुभेदार म्हणाले, "संध्याकाळच्या ओहोटीस. आणि उद्या दोन." बाईसाहेब म्हणाल्या, "मग कोणाची गाठोडी दारात दिसू नयेत, वाट अडते." ऐसे बोलोन त्यांनी तोंड फिरविले आणि पदराने डोळे टिपले, हे फक्त सगुणाबाईने पाहिले. पाण्यास रांग लागली. ठकूबाईही हंडा घेऊन आली, रांगेत आपल्या जागी उभी राहिली, कोणी पुढे जा म्हटले तरी गेली नाही. सुभेदारांनी आपल्या हाताने तिचा हंडा भरिला. ती म्हणाली, "गुडघ्यास लागले आहे तुमच्या. रक्त आहे." सुभेदार म्हणाले, "असू दे, वहिनी." ती म्हणाली, "असू दे कशाला. संध्याकाळी जायचे आहे ना पुन्हा. हळद लावून घ्या." आणि हंडा कमरेवर घेऊन गेली.

दुपारी भरती पूर्ण जाहली आणि ठरल्याप्रमाणे नावा धक्क्यास लागल्या, रिकाम्या, माणसे आणि सामान न्यावयास आलेल्या. नाखव्याने हाक दिली की चला, पाणी ओसरण्याआधी निघावे. धक्क्यावर कोणी नव्हते. पुन्हा हाक दिली, तेव्हां देवळामागून ठकूबाई आली आणि म्हणाली, "कोणी यावयाचे नाही. फुकट फेरा पडला तुम्हांस." नाखवा म्हणाला, "ते असो, बाई. उन्हातून वल्हवीत आलो, घोटभर पाणी मिळेल का? बेटावर पाणी नाही हे जाणतो, म्हणोन मागावयास लाज वाटते." ठकूबाई घरात गेली, तांब्या भरून आणिला आणि म्हणाली, "प्या पोटभर. आणखी आणिते."

येणेप्रमाणे त्या राज्यी गाड्याची चाके बदलली आणि राज्य उठावयाचे राहिले. पुढे आषाढापर्यंत गाडा ओहोटीओहोटीने पाणी वाहात गेला, मग पाऊस जाहला, विहीर धुतली आणि श्रावणात गोडी आली. त्यानंतर सुभेदारांनी गाडा मीठ वाहावयास दिला, मागेल त्यास दिला. जैसे घडले तैसे लिहिले, पदरचे घातले नाही. लिहिणाराचे नाव पुसू नये, वाचणाराचे घरी पाणी असावे.